वाळवंट कोणाला म्हणता?

दरवर्षी चैत्र उतरला आणि वैशाखाचे ऊन तापू लागले, की आमच्या मराठवाड्यावर एका शब्दाची संततधार लागते. खऱ्या पावसाचा भरवसा नाही. ह्या शब्दाने मात्र एकही हंगाम चुकविलेला नाही. तो शब्द म्हणजे 'वाळवंट'. वर्तमानपत्रे मथळे देतात, 'मराठवाड्याचे वाळवंट होणार!' पुढारी व्यासपीठावरून तेच म्हणतो, परिसंवादातला विद्वान तेच म्हणतो, आणि पुण्या-मुंबईचे आप्त फोनवर कळवळून विचारतात, "कसे हो राहता तुम्ही त्या वाळवंटात?" मौज अशी, की आम्हीदेखील सुस्कारा टाकून म्हणतो, "काय करायचं बाबा, नशीब आमचं!" ह्या शब्दाविरुद्ध मला आज फिर्याद मांडावयाची आहे. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी हे भांडण कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी थोडा धीर धरावा. हे भांडण फिरून फिरून त्या ताटापाशीच येणार आहे.

मी रेणापूरचा. रेणुकामातेच्या ह्या गावात पोरांना शिकवितो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा पंडित म्हणून मी बोलत नाही. पण शब्द हा माझा रोजचा व्यवहार आहे, आणि वाण्याला जसे खोटे नाणे बोटाला लागताच कळते, तसा खोटा शब्द मास्तराला कानावर पडताच कळतो.

आपल्या भाषेत ह्या शब्दाचे घराणे काय आहे, ते आधी पाहा. मराठी माणसाचे पहिले वाळवंट जैसलमेरला नाही, पंढरपूरला आहे. चंद्रभागेच्या पात्रातली ती वाळू, तिच्यावर शतकानुशतके वाजत आलेले टाळ-मृदंग, एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी, हे आपले वाळवंट. आपल्या आज्या-पणज्यांनी 'वाळवंट' म्हटले, की त्यांच्या डोळ्यांपुढे नदी उभी राही. पुढे शाळेच्या भूगोलाने हाच शब्द सहाराला आणि थरला दिला, आणि त्यातली नदी गळून पडली. शब्दाचा अर्थ पालटला म्हणून मी रडत बसणार नाही. भाषेत असे चालायचेच. माझी तक्रार निराळी आहे. थरचे वाळवंट निसर्गाने केले. तेथे कोणी आरोपी नाही. आमच्या दुष्काळाला तेच नाव दिले, की आमच्याकडेही कोणी आरोपी उरत नाही. आभाळाला कोण समन्स बजावणार? फाइल बंद. म्हणून हा शब्द सर्वांना एवढा सोयीचा वाटतो. पुढाऱ्याला सोयीचा, कंत्राटदाराला सोयीचा, अधिकाऱ्याला सोयीचा आणि, लपवून उपयोग नाही, आम्हा गावकऱ्यांनाही सोयीचा.

आता आकडे पाहू. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरच्याही आत पाऊस पडतो. आमच्या लातूर जिल्ह्याची सरासरी ७०० ते ८०० मिलिमीटरच्या दरम्यान. म्हणजे ज्याला जग वाळवंट म्हणते, त्याच्या जवळजवळ चौपट पाणी आमच्या अंगणात पडते. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे पावसाने आम्हांला फसविले, हे खरे. पण २०२१ च्या सप्टेंबरात मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि काठची शेते पाण्याखाली गेली. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात असा पाऊस झाला, की उभी पिके कुजली, जनावरे वाहून गेली, आणि काही ठिकाणी काळी माती खरवडून निघाली. वैशाखात टँकर आणि भाद्रपदात बचावाच्या होड्या! असे वाळवंट कोणत्या भूगोलात सापडते, हे मला कोणी तरी शिकवावे.

ही सगळी तक्रार माझ्या मनात पुष्कळ दिवसांची होती; तिला तोंड फुटले ते घरच्याच एका बेतामुळे. २०२३ च्या दिवाळीत पुण्याच्या मेहुण्याचा फोन आला. "दाजी, यंदा जैसलमेरला जाऊ. वाळूचे डोंगर, उंट, तंबूत मुक्काम. पोरांना वाळवंट बघायला मिळेल." बेत चांगला होता; प्रवासाला माझा विरोध नाही. मी म्हटले, "अवश्य जाऊ. पण त्याआधी वैशाखात इकडे या. ज्याला तुम्ही वाळवंट म्हणता, ते एकदा माझ्याबरोबर हिंडून बघा. मग खऱ्याची आणि खोट्याची तुलना होईल." मेहुणा हसला. "तुमच्याकडे बघायला काय आहे, दाजी?" पण २०२४ च्या मे महिन्यात तो बायकामुलांसह आला. आम्ही एक क्रूझर भाड्याने घेतली. दोन घरची मिळून चार पोरे, बायका, माझ्या सासूबाई, पाण्याचे दोन मोठे जार, धपाट्यांची चळत आणि शेंगदाण्याची चटणी, असा आमचा काफिला निघाला.

पहिला मुक्काम अंबाजोगाई. योगेश्वरीचे दर्शन झाले आणि मग मी मंडळींना गावातल्या बारवांकडे नेले. बारव म्हणजे पायऱ्यांनी उतरत जाण्याची दगडी विहीर. पुण्याच्या पोरांनी ती सिनेमात राजस्थानची म्हणून पाहिली होती. "पप्पा, हे तर आपल्याकडेच आहे!" असे धाकटी ओरडली, तेव्हा तिच्या बापाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मराठवाड्यात अशा बारवा गावोगाव आहेत. परभणी जिल्ह्यातल्या वालूरची बारव तर गोल फिरत्या पायऱ्यांची आहे. अलीकडे तरुण मंडळी जमून त्यांतला कचरा आणि झुडपे काढू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण कित्येक बारवा अजून प्लॅस्टिकने भरलेल्या आहेत. पायऱ्या कशासाठी होत्या, हे मी पोरांना समजावले. पाणी वर असो की खाली, माणसाला स्वतःच्या पायांनी त्याच्यापर्यंत उतरावे लागे. त्यामुळे पाणी किती पायऱ्या खाली गेले, हे साऱ्या गावाला रोज दिसे. ती बारव म्हणजे गावाच्या पाण्याची वही होती, आणि ती वही उघड्यावर पडलेली होती. आज बोअरच्या सहा इंची भोकातून कोणाला काय दिसते?

तेथून केजच्या वाटेने धनेगावला गेलो. ज्या मांजरा धरणाच्या जिवावर लातूर शहर जगते, ते हे धरण. पाणी तळाशी गेले होते. भेगाळलेल्या गाळावर बगळे उभे होते. पोरे गप्प झाली. पुढे मांजरसुंबा करून बीड. बीडची खजाना बावडी ही सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या अमदानीतली. तिला जमिनीखालून बोगदे खोदून पाणी आणले आहे आणि तसेच बोगद्याने ते खालच्या अंगाच्या शेता-बागांना दिलेले आहे. पंप नाही, वीज नाही, केवळ जमिनीचा उतार ओळखून केलेली करामत! त्याच गावात कंकालेश्वराचे देऊळ कुंडाच्या मधोमध, पाण्यात उभे आहे. वाळवंटातली माणसे देऊळ पाण्यात कशाला बांधतील? शेवटच्या दिवशी नळदुर्ग पाहिला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्याच पोटात पाणीमहाल उभारला आहे. पाऊसकाळी बांधावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. वैशाखात धबधबे नव्हते; पण चारशे वर्षांचा तो बांध जागचा हललेला नव्हता. कंधारचा जगत्तुंग सागर तर त्याहून जुना, राष्ट्रकूटांच्या काळचा. तो पाहायचा राहिला, कारण दिवस संपले. पाहायला काही आहे की नाही, हा प्रश्न मात्र मेहुण्याने पुन्हा केला नाही.

ह्या दोन टोकांच्या मधला पाटोदा तालुका मात्र मंडळींना अधिक लक्षात राहिला. तेथे किल्ला नाही, महाल नाही. बालाघाटच्या डोंगरातला तो उघडाबोडका मुलूख. मांजरा नदी उगम पावते ती ह्याच तालुक्यात. जिच्या पाण्यावर एवढी शहरे आणि एवढे कारखाने चालतात, तिच्या माहेरी टँकरपुढे घागरींची रांग होती. आम्ही एका वस्तीवर थांबलो. रांगेतल्या बायका नुकत्याच ऊसतोडीवरून परतलेल्या. बीड जिल्ह्यातली ही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतात, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतात आणि सहा-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर, कोपीत राहतात. माझ्या बायकोने एकीला विचारले, "पाण्याची रोजच अशी रांग असते का?" ती म्हणाली, "रोजचीच की बाई. सहा महिने दुसऱ्याच्या उसाला पाणी सुटलेलं बघायचं, आन् घरी आलं की घागरीसाठी भांडायचं." सबंध प्रवासात ऐकलेले हे सर्वांत शहाणपणाचे वाक्य होते. ज्या मुलखात प्यायला पाणी नाही, त्या मुलखातली माणसे सर्वांत तहानलेले पीक तोडायला जातात. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, की माझ्याही वर्गात दोन-चार जागा रिकाम्या दिसतात. त्या पोरांची नावे हजेरीत असतात, पोरे फडावर. त्यांना तेथे कोणी वाळवंटाचा भूगोल शिकवीत नाही. ती तो जगत असतात.

आता थरकडे वळू. कारण आमची निंदा करण्यासाठी ज्याचे नाव घेतले जाते, त्या मुलखाचा तरी न्याय झाला पाहिजे. जैसलमेरच्या माणसाने नशिबाला बोल लावला नाही. गावाच्या वरच्या अंगाला चौदाव्या शतकात त्याने गडीसर तलाव बांधला. अंगणात टांके खोदले आणि छपरावरचा थेंब न् थेंब त्यांत उतरविला. पालीवाल ब्राह्मणांनी उताराच्या तळाशी बांध घालून 'खडीन' तयार केली. तेथे वाहून आलेले पाणी मुरते आणि त्या ओलीवर वाळवंटात गहू पिकतो. त्यांनी पाण्याला जातवार नावे दिली. थेट पावसाचे ते पालर पाणी, वाळूखाली खडूच्या थरावर अडलेले ते रेजाणी, आणि खोल विहिरीचे ते पाताळपाणी. अनुपम मिश्र ह्यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' ह्या हिंदी पुस्तकात हे सारे वर्णन केले आहे. १९९५ साली निघालेले ते पुस्तक आमच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवे. आज तेथेही इंदिरा गांधी कालवा पोचला आहे आणि नळ आल्यावर तेथल्याही टांक्यांकडे दुर्लक्ष झाले आहे, हे मी नाकारीत नाही. पण ज्याच्या पदरी चार आणे पडले, त्याने शतकानुशतके संसार केला. आणि ज्याच्या पदरी रुपया पडतो, तो भर बाजारात भीक मागतो. दोघांपैकी दरिद्री कोण?

भीक हा शब्द मी तोलून वापरतो आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावले गेले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. मिरजकरांचे, सांगलीकरांचे ते उपकार आम्ही जन्मभर विसरणार नाही. पण ते पाणी ज्या टाक्यांतून आले, त्या टाक्या कोठे धुऊन, वाफेने स्वच्छ करून निघाल्या होत्या, ठाऊक आहे? राजस्थानातल्या कोट्याच्या रेल्वे कारखान्यात. कोटा काही वाळूत नाही, चंबळेच्या काठी आहे. तरीही नियतीचा हा विनोद मला झोंबतो. चौपट पावसाच्या मुलखाची तहान भागवायला भांडी राजस्थानातून यावीत!

त्या पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या. प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर. एकूण पाच लाख लिटर पाणी. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांवर होती. म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. आता फराळाच्या ताटापाशी या. महाराष्ट्रात एक किलो साखर तयार व्हायला ओलिताचे दोन हजार लिटरांहून थोडे अधिकच पाणी लागते, असा केंद्र सरकारच्या कृषिमूल्य आयोगाचा हिशेब आहे. त्रैराशिक मांडा, माझ्या सातवीच्या पोरांनी ते फळ्यावर मांडले होते. पाच लाख लिटर पाणी म्हणजे सुमारे २५० किलो साखर. पन्नास किलोची पाच पोती! ज्या गाडीचे फोटो देशभर छापून आले, तिच्यातले सारे पाणी वाण्याच्या दुकानाच्या एका कोपऱ्यात मावते. शंकरपाळ्यांत आणि बेसनाच्या लाडवांत आपण काय मिसळतो, हे एकदा मोजून पाहा. लाडू खाऊ नका, असे सणाच्या दिवशी सांगणारा मी करंटा नव्हे. खा, पण ज्या नदीचा लाडू खाता, तिला वाळवंट म्हणू नका.

येथे उसाचा शेतकरी माझ्या अंगावर येईल, आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निकाल देणे अन्यायाचे होईल. तो म्हणतो, "मास्तर, ऊस मी हौसेनं लावतो का? ऊस कारखान्यात गेला की त्याचा किमान दर कायद्यानं ठरलेला. सोयाबीनचं काय?" त्याचे खरे आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, आणि बाजारात शेतकरी त्याहून कमी दराने माल घालीत होता. तुरीची, ज्वारीची तीच कथा. गारपीट झाली तरी ऊस तग धरतो, हरभरा झोपतो. तेव्हा शहरात बसून 'मराठवाड्यात ऊस बंद करा' असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे आहे: आधी आमची ज्वारी आणि तूर न्याय्य दराने विकत घ्या, मग आम्हांला उपदेश करा. पण शेतकरीबांधवांनाही दुसरे सांगणे आहे. ज्या वर्षी गावाला टँकर येतो, त्या वर्षी त्याच गावाच्या शिवारात पाटाने उसाला पाणी सोडणे ह्याला नाइलाज म्हणत नाहीत. निदान ऊस ठिबकवर घ्या. राज्याच्या लागवडीच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा आणि ओलिताच्या पाण्यात मात्र निम्म्याहून जास्त, हे ताट फार दिवस असे वाढता येणार नाही.

दुसरा वकील उभा राहतो तो आभाळाचा. तो म्हणतो, "पाऊसच लहरी झाला. पूर्वी महिनाभर भुरभुरायचा, आता चार दिवसांत कोसळतो." हेही खोटे नाही. पण ह्याने माझीच बाजू बळकट होते. पगार दर आठवड्याला मिळत होता तेव्हा गाठीला पैसा नसला तरी भागत होते. तोच पगार वर्षातून चार वेळा मिळू लागला, तर शहाणा माणूस पेटी घेतो की भिंतीवर डोके आपटतो?

आमची पेटी कोणती? ती आमच्या पायांखाली आहे. आमची जमीन काळ्या पाषाणाची. ह्या खडकाच्या वरच्या, झिजलेल्या मुरमाड थरात आणि चिरांत पाणी साठते. फार खोल गेले की घट्ट खडक. म्हणून आमच्या पूर्वजांच्या विहिरी रुंद आणि उथळ असत, व दर पावसाळ्यात त्या पुन्हा भरत. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगताना जुनी माणसे म्हणतात, तेव्हा दाणा नव्हता, पण प्यायला पाणी होते. त्या काळात बोअरची यंत्रे आली, ती प्यायच्या पाण्यासाठी आली, आणि त्यांनी पुष्कळ जीव वाचविले. ज्या 'इंडिया मार्क टू' हातपंपाने पुढे देशभर खेड्यांची तहान भागविली, त्याचे पूर्वज 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' होते, ह्याचा आम्हांला अभिमान वाटायला हवा. पण हातपंपाला हात दुखतात. म्हणून तो बेताने पाणी काढतो. विजेच्या पंपाला हात नाहीत. शेजाऱ्याने ३०० फूट घेतले की आपण ५००, त्याने ५०० की आपण ७००! महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरहून खोल विहिरींना आळा घातला आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. कायद्यात दोनशे आणि शिवारात सातशे. मधले पाचशे फूट कोणाच्या आशीर्वादाने खणले जातात, हे ज्याने त्याने आपापल्या गावात विचारावे.

आणि आता मूळ शब्दाकडे येतो. परतीच्या वाटेवर मांजरेच्या पुलावर आम्ही गाडी थांबविली. सासूबाई उतरल्या आणि कठड्याला धरून पात्राकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या लहानपणी इथं गुडघ्याएवढी वाळू होती. उन्हाळ्यात बाया झिरा उकरायच्या. वाटीनं भरून घागर न्यायची, झिरा पुन्हा भरायचा. आता वाळूच नाही, तर झिरा कशात उकरायचा?" खाली खडक आणि चिखलाचे खड्डे दिसत होते. नदीची वाळू म्हणजे नदीची तिजोरी. पूर ओसरतो, पण वाळूत मुरलेले पाणी मागे राहते आणि काठच्या विहिरींना महिनोन्महिने पाझरते. ती वाळू आम्ही ब्रासच्या भावाने विकली. काही लिलावाने गेली, काही रात्रीच्या हायवांतून गेली. तिच्यावर शहरांतले मजले चढले आणि गावांतही बंगले उभे राहिले. म्हणजे 'मराठवाड्याचे वाळवंट होणार' हे वाक्य शब्दशः उलटे आहे. मराठवाड्याला वाळवंट होते, दर नदीला होते, आणि तेच आमच्या डोळ्यांदेखत संपले. ज्या मुलखाने आपले वाळवंट विकून खाल्ले, त्याला तुम्ही कौतुकाने वाळवंट म्हणता!

कोणी विचारील, "मास्तर, भांडण झाले, आता करायचे काय?" उत्तर अवघड नाही, फक्त गैरसोयीचे आहे. ज्या गावाला एका उन्हाळ्यात टँकर लागला, त्या गावात पुढच्या पावसाळ्याआधी जुनी बारव आणि तलाव गाळमुक्त झालेच पाहिजेत. नवा बोअर घेण्याआधी जुन्या बोअरला पावसाचे पाणी परत दिले पाहिजे. नदीतल्या वाळूचा लिलाव ज्या ग्रामसभेत ठरतो, तिला बायकांनी गेले पाहिजे; कारण घागर त्यांच्या डोक्यावर असते. पाटोद्याच्या माणसाला पाटोद्यातच काम आणि पाणी मिळाले पाहिजे. त्यासाठी रोजगार हमीचा कायदा ह्याच महाराष्ट्राने १९७७ साली देशाच्या कितीतरी आधी केला होता. आणि शाळेत प्रत्येक पोराला आपल्या गावच्या पाण्याचे त्रैराशिक मांडता आले पाहिजे: पाऊस किती पडला, मुरला किती, वाहून गेला किती, आणि उपसला किती.

जैसलमेरला जाणाऱ्यांनी खुशाल जावे. उंटावर बसावे, फोटो काढावेत. फक्त तेथल्या एखाद्या म्हाताऱ्याला त्याच्या टांक्याचे झाकण उघडायला सांगावे आणि आत डोकावून यावे. थरहून आणायचीच झाली, तर ती नजर आणावी.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री हंडे-घंगाळे घासून, त्यांना गंध-फूल वाहून पाणी भरून ठेवण्याची आपली रीत आहे. लक्ष्मीपूजनाला व्यापारी हिशेबाची नवी वही पुजतो. ह्या दोन्ही रीती ज्यांनी घालून दिल्या, त्यांना पाणी आणि हिशेब ह्यांचे नाते ठाऊक होते. ह्या दिवाळीत माझे एवढेच मागणे आहे, की प्रत्येक ग्रामपंचायतीत लक्ष्मीपुढे एक वही आणखी ठेवावी. तिच्या डाव्या पानावर 'जमा' लिहावे आणि गावात पडलेला पाऊस मांडावा. उजव्या पानावर 'खर्च' लिहावे आणि उपसलेले पाणी मांडावे, ज्याचे त्याच्या नावावर, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत. ती वही वर्षभर चावडीवर उघडी राहू द्या. मग पुढच्या वैशाखात ज्याला आमच्या मुलखाला वाळवंट म्हणावेसे वाटेल, त्याने आधी ती वाचावी. आणि त्यानंतरही तो शब्द त्याच्या तोंडून निघाला, तर मी मुकाट्याने ऐकून घेईन.